तीन जिने

"कठडा भक्कम आहे हो, धरून धरून या," दलाल म्हणाला आणि आमच्या पुढं दोन-दोन पायऱ्या टाकत वर निघून गेला. माणूस वाईट नव्हता, फक्त तरुण होता. मी दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीवरचे विजेचे मीटर वाचायला लागलो. त्या मीटरांशी माझा काय संबंध? दम लागला होता, दुसरं काय!

"अहो, या ना वर!" बायकोनं वरून हाक मारली. "उजेड बघा किती आहे!"

मी न्हावी आहे. उभं आयुष्य खरोखरच उभ्यानं काढलंय, त्यामुळे माझ्या गुडघ्यांचं आणि माझं फारसं जमत नाही. बायको कपड्यांच्या कारखान्यात कटर. टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर कागदी साचे मांडायचे आणि यंत्रानं कापत जायचं. टेप तिच्या गळ्यात कायम. एकदा लग्नाला निघालो तेव्हाही होता, कोणीतरी सांगितल्यावर काढला. मी वर पोचलो तोवर तिनं दोन्ही खोल्यांची मापं घेतली होती आणि दलालाला, 'हा कोपरा गुण्यात नाही, काटकोन चुकलाय,' म्हणून झापतही होती.

हौस म्हणून आलो नव्हतो आम्ही. तिचा कारखानाच उठून या दूरच्या शहरात चालला होता. जे बरोबर येतील त्यांची नोकरी राहील, वर पगारही थोडा वाढेल. जे येणार नाहीत त्यांना हिशेब चुकता करून नमस्कार. आमच्या गावात दुसरा कारखाना नाही, आणि पन्नाशीच्या कटरला दारात कोण उभं करतं? माझं म्हणाल तर माझी गिऱ्हाइकं बहुतेक त्या कारखान्याचीच. ती गेली की मी काय आरशात बघून स्वतःचीच दाढी करत बसणार?

"केस काय, तिथंही वाढतातच की," असं बायको म्हणाली होती.

घराचं भाडं मात्र मी दलालाला दोनदा विचारलं. आमच्या गावातल्या घराच्या तिप्पट. दलाल म्हणाला, लिफ्ट नाही म्हणून एवढ्यात मिळतंय, समोरच्या बिल्डिंगमध्ये विचारून बघा. विचारलं. काढता पाय घेतला आणि याच घराचं टोकन देऊन टाकलं.

दुपारी मी एका सलूनमध्ये काम मागायला गेलो. आत सगळी काच. मालक माझ्या निम्म्या वयाचा, दाढी मात्र माझ्या दुप्पट. त्यानं एक गिऱ्हाईक माझ्या हवाली केलं, "काका, दाखवा हात." माझ्या हाताखाली ते गिऱ्हाईक गाढ झोपलं. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही. मालक खूश झाला.

"पण काका, खुर्ची तुमची नसेल हं. जेवढं काम, तेवढ्यातला हिस्सा. आणि तुम्ही वयस्कर लोकांचं आणि लहान मुलांचं बघा. फॅशनचं आमची पोरं बघतील."

म्हणजे ज्यांना केस उरलेले नाहीत ते आणि जे मान स्थिर ठेवत नाहीत ते! पण मी हो म्हणालो. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघांनी बोटांवर हिशेब केला. तिचा वाढीव पगार, माझा हिस्सा, तिप्पट भाडं. ओढूनताणून बसत होतं. बायको माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि मीही इतका दमलो होतो की उतरायचं ठिकाण चुकता चुकता राहिलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बायकोनं कारखान्यातून जाड तपकिरी कागद आणला. साच्यासाठी वापरतात तो. त्यावर नव्या घराच्या खोल्या प्रमाणात आखल्या आणि आमच्या सामानाचे छोटे छोटे कागदी तुकडे कापले. कपाट, पलंग, शेगडीचं टेबल, फ्रिज. कटरची रीत अशी की मोठे तुकडे आधी मांडायचे, मग लहान तुकडे मधल्या जागांत असे सरकवायचे की बोटभरही वाया जाऊ नये. दोन तास ती तुकडे फिरवत होती. कपाट इकडे केलं की पलंग दारात यायचा, पलंग वळवला की फ्रिज उघडेना. शेवटी एक तुकडा खिडकीशी सरकवला आणि टाळी वाजवली.

"बसलं! आई, या बघायला. ही तुमची खाट."

माझी आई चष्मा लावून वाकली. तिची ऐंशी जवळ आलीय. पण जिज्ञासा नव्या नवरीची.

"खिडकीशी?"

"खिडकीशीच. दिवसभर उजेड."

"अगं बाई!" आई म्हणाली. मग बोटानं त्या कागदाच्या खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली, तिथून मोरीपर्यंत. "जवळ आहे की सगळं." संध्याकाळी शेजारणीलाही सांगून आली, मला खिडकीजवळची जागा मिळालीय म्हणून.

यात जिना कुठंच नव्हता. बायकोला मी दोष देत नाही. तिनं आयुष्यभर टेबलावर सपाट अंथरलेलंच मोजलंय. कापडाला मजले नसतात. आणि मी? जिना चढताना मला माझेच गुडघे दिसले, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

लक्षात आणून दिलं ते माझ्या धाकट्या बहिणीनं. तिचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला होता, कारण आईला ऐकू कमी येतं. आई भाजी निवडत बसली होती.

"दादा, घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट आहे ना?"

"नाही गं."

"अरे, मग आईचं काय?"

बायकोचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि तिथंच राहिला. आईनं एक देठ मोडला, पानं पातेल्यात टाकली.

"आईचं काय व्हायचंय? आई चढेल," आई म्हणाली.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी दलालाचं डोकं खाल्लं. तळमजला? दुकानवाले आणि दवाखानेवाले तळमजले सोडत नाहीत म्हणाला. एक मिळत होता, त्याच्या भाड्यात माझा अख्खा हिस्सा जाऊनही वर तूट येत होती. शहराबाहेर स्वस्त होतं, पण तिथून कारखान्याला जायलाच दोन तास. मी आणि आई इथं राहतो, तू एकटी जा, असंही बोलून पाहिलं. "दोन घरं चालवायला मी काय कारखान्याची मालकीण आहे?" बायको म्हणाली आणि भांडी घासायला उठली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती रडतेय. मी हात टेकले. धाकटी म्हणत होती, माझ्याकडं ठेवा. पण आईनं विषयच काढू दिला नाही. तिचं सारखं एकच, "मी येणार. माझी खाट बसलीय तिथं."

एक दिवस दुपारी मास्तर दाढीला आले. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, माझ्या दुकानाच्या मागच्या इमारतीत अगदी वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी साबण लावून एक गाल केला, आणि ते म्हणाले, "तुमच्या मातोश्री आमच्याकडं कुणाकडं येतात हो? रोज दुपारी जिन्यात दिसतात."

मास्तरांना तसंच अर्ध्या फेसात ठेवून मी धावलो.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आई पायरीवर बसली होती. एक हात कठड्याला, मांडीवर पाण्याची बाटली. चेहरा लाल झालेला.

"आई! हे काय चाललंय?"

"सवय करतेय." धाप लागल्यामुळे तिचे शब्द तुटत होते. "पहिल्या दिवशी दहा पायऱ्यांत डोळ्यांपुढं अंधारी आली होती. आता बघ कुठवर आलेय."

"अगं, पडली असतीस म्हणजे?"

"पडले का? नाही ना?" ती बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली. "अजून महिना आहे ना आपल्याला? होईल तोवर. तू जा बाबा, तुझं कोणीतरी फेसात बसलं असेल."

मी गेलो नाही. तिच्या शेजारी बसलो. मला तिचा रागही आला होता, कौतुकही वाटत होतं आणि स्वतःची इतकी शरम वाटत होती की मान वर करवत नव्हती. शेवटी मास्तरच गळ्यात टॉवेल गुंडाळून, एका गालावर वाळलेला फेस घेऊन आम्हाला शोधत आले.

मग काय, आईला अडवणं शक्यच नव्हतं. बायको म्हणाली, चढायचंच तर आपल्या डोळ्यांसमोर चढू दे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिच्या मागं-पुढं निघालो. पहिला मजला झाला. दुसऱ्यावर तिनं विसावा घेतला. मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरत ती मास्तरांच्या दारापर्यंत पोचली. तिसरा मजला!

"आई, जमलं!" बायको ओरडली आणि तिनं आईला मिठीच मारली. मास्तरांनी खुर्ची आणली, सरबत आणलं. आई बोलू शकत नव्हती पण हसत होती. त्या अर्ध्या तासात मला खरंच वाटलं की आपलं सगळं मार्गी लागलं.

मग आम्ही उतरायला निघालो. आईनं कठडा धरला, खाली बघितलं आणि थबकली.

"काय झालं?"

"काही नाही. थांब जरा." तिनं पाय पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. चढताना पायरी डोळ्यांसमोर असते. उतरताना तिला नुसती खोल विहीर दिसत होती. मी पुढून धरलं, बायकोनं मागून, तरी गुडघा वाकेना. उचलून नेतो म्हणालो तर, "खबरदार!" म्हणाली. शेवटी ती खाली बसली, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत, लहान मूल उतरतं तशी उतरली. सगळे जिने. मधे दोन बिऱ्हाडांची माणसं दारात येऊन उभी राहिली, तर आईनं त्यांना, "जेवणं झाली का?" म्हणून विचारलं.

खाली आल्यावर तिनं कपडे झटकले.

"चढता येतं रे मला," ती म्हणाली. "उतरता येत नाही. तिथं एकदा वर गेले की गेलेच. तुम्ही दोघं दिवसभर कामावर. मी आणि ती खिडकी. खाली येईन ती चौघांच्या खांद्यावरूनच." मग थोडं थांबून, "धाकटीच्या दाराबाहेर पडलं की रस्ता आहे. येणारंजाणारं माणूस दिसतं, दोन शब्द बोलतं. फोन लाव तिला."

"मग आम्हीही नाही जात," बायको म्हणाली.

"नका जाऊ. आणि खाल काय? हा कापतो ते केस?"

बायको रडता रडता हसली. मी फोन लावला.

पुढचे दिवस नुसते सामान बांधण्यात गेले. मी दुकानाच्या मालकाला किल्ली कधी देणार ते कळवलं. जुनी गिऱ्हाइकं गरज नसताना केस कापून गेली. काहींच्या डोक्यावर तर कात्री नुसती हवेतच चालवली मी. आईला न्यायला धाकटी रविवारी येणार होती. शनिवारी सकाळी दुकानाच्या दारात आई उभी. आमच्या दुकानात ती कधी आत आली नव्हती. डबा द्यायला आली तरी बाहेरूनच हाक मारायची. बाकावर मास्तर पेपर वाचत बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. पण ती बाकाशी थांबली नाही, सरळ खुर्चीपाशी गेली.

"हिला जरा खाली कर. मला चढवत नाही एवढं."

मी खुर्ची पार खाली केली. ती बसली, हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि आरशात स्वतःकडं आणि मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं.

"रोज सूनबाई विंचरून देते. माझा खांदा वर जात नाही ना. धाकटी पहाटे कामाला बाहेर पडते, तिच्या मागं कुठं लागू मी? त्यापेक्षा काप."

तिनं आकडे काढून माझ्या हातात दिले आणि अंबाडा सोडला. एवढे केस असतील असं मला वाटलंच नव्हतं. पांढरे, बारीक, पाठीवरून थेट खुर्चीच्या बैठकीपर्यंत आले. मी कापड तिच्या गळ्याभोवती बांधलं. गाठ मारायला बोटांना वेळ लागला. पाणी मारलं, कंगवा घेतला, आणि तोंडातून सवयीनं तेच निघालं जे मी आजवर प्रत्येकाला विचारत आलोय.

"किती ठेवू?"

आईनं कापडाखालून उजवा हात बाहेर काढला. हळूहळू वर नेला. कानाच्या थोडा खाली येऊन तो थांबला.

"इथपर्यंत," ती म्हणाली. "माझा हात पोचेल तेवढे."

मागं मास्तर पेपर मिटून बाहेर गेले, आणि त्यांनी दुकानाचं दार हळूच ओढून घेतलं.