टाकीतला उसासा

"पडली! बरोब्बर तिथेच पडली!" अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन एकजण सलूनबाहेर धावत आला. दूधवाल्याने किटल्या खाली ठेवल्या. शाळेच्या रिक्षातली पोरंसुद्धा माना बाहेर काढून बघू लागली.

स्मशानाच्या भिंतीपाशी मोटरसायकलने दोनचार आचके दिले होते आणि ती बंद पडली होती. काल पडली होती, परवाही पडली होती.

गाडीवरून उतरली ती दवाखान्यातली नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणत. गाडी तिच्या नवऱ्याची. त्याने ती हौसेने जुन्यात घेतली, तिलाही चालवायला शिकवली आणि थोड्याच दिवसांत तापाचं निमित्त होऊन तो गेला.

"बाजूला व्हा, महाराज आले!"

महाराजांचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. लोक त्यांना फुंकरबाबा म्हणत. भिंतीलगतच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा मठ होता. ते आले, त्यांनी पेट्रोलच्या टाकीला कान लावला आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखे हसले.

"बसलाय. जाताना इथे चढतो, येताना घराच्या वळणावर उतरतो. येतानाही तिथेच पडते ना गाडी, बाई?"

"हो," सिस्टर म्हणाली.

"पडणारच! घर आलं की उतरायला नको का त्याला?"

गर्दी हळहळली. महाराजांनी टाकीचं झाकण फिरवलं. 'हुस्स' असा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"ऐकलात उसासा?"

ऐकला होता. मग त्यांनी टाकीत फुंकर मारली, झाकण लावलं आणि बोट वर केलं. सिस्टरने किक मारली. गाडी सुरू झाली. लोकांनी हात जोडले. फेसवाल्यानेही जोडले, त्यामुळे त्याच्या हातावर फेस आला.

"त्याला बायकोचं कामावर जाणं पसंत नाही," निघता निघता महाराज म्हणाले. "रविवारी गाडी मठात आणून सोडा. तो सुटेल, तुम्हीही सुटाल."

सिस्टरला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. नवरा गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. लोक वाट बघत होते तिच्या रडण्याची. तीही बघत होती. आत सगळं भूल दिल्यासारखं होतं. चिमटा काढला तर कातडी लाल व्हायची, एवढंच.

गाडी दिली तर सकाळची ड्युटी संपली, हे तिला कळत होतं. एवढ्या सकाळी दवाखान्याकडे कुठलीही बस जात नव्हती. रोजच्या उशिराबद्दल मेट्रनने आधीच बोलावून समज दिली होती. घरात आता मिळवणारी ती एकटीच होती.

गॅरेजवाल्याने प्लग बदलला होता, कार्बोरेटर धुतला होता. "माझ्याकडे आली की शहाण्यासारखी वागते, वहिनी. टाकी उघडून पेट्रोल बघतो, झाकण लावतो, किक मारतो, लगेच सुरू! आता मी काय दुरुस्त करू, सांगा!"

संध्याकाळी सासूबाई ओट्यावर गाडीशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. सूनबाई आत गेली की त्या हळूच झाकण सैल करत आणि आवाज ऐकत.

"आज मोठा उसासा टाकला गं त्याने," त्या म्हणाल्या. "दमलाय. मी म्हटलं, झोप बाळा."

"आई, जेवून घ्या."

"रविवारी नेऊन सोडू या. त्याचे हाल बघवत नाहीत."

सिस्टरने ताटं घेतली. हा आवाज तिनेही एकदा एकटीने ऐकला होता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका म्हाताऱ्या रुग्णाची मुलगी धावत आली. "सिस्टर, बाबांचं सलाईन थांबलं! बाटली तर अर्धी भरलीये."

सिस्टरने वर बघितलं. थेंब पडत नव्हता. नव्या नर्सकडून बाटली लावताना हवेची सुई टोचायची राहिली होती. जाड बाटली आकसत नाही. पाणी उतरतं तशी वर जागा रिकामी होते, त्या जागेत बाहेरची हवा गेली नाही की पाणी अडून बसतं. हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिने सुई टोचली. बाटलीत बुडबुडे चढले, थेंब पडू लागले.

"काय जादू केलीत!" मुलगी म्हणाली.

"जादू नाही. हवा," सिस्टर म्हणाली, आणि बाटलीकडे बघत तशीच उभी राहिली.

टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. नवऱ्याने दाखवलं होतं: इथून गाडी श्वास घेते. आता तिथे भोक नव्हतं, लाल मेणाचा शिक्का होता. दिवसकार्य उरकल्यावर सासूबाईंनी गाडी मठात नेली होती, तेव्हा महाराजांनी तो 'रक्षणासाठी' लावला होता. आचके त्यानंतरचे. झाकण उघडून लावलं की दर वेळी तेवढंच पेट्रोल उतरायचं, म्हणून गाडी पडायची तीही ठरलेल्या जागी.

रविवारी सासूबाईंना मागे बसवून ती निघाली. गाडी भिंतीपाशी पडली. गर्दी दुप्पट होती. महाराज झाकणाकडे हात नेणार, तोच ती म्हणाली, "थांबा. आज मी उघडते."

खिशातून तिने कापसाचा एक धागा काढला, झाकणाच्या कडेशी धरला आणि झाकण सैल केलं. हुस्स झालं. धागा आत ओढला गेला.

"उसासा टाकला की हवा बाहेर येते," ती म्हणाली. "ही आत गेली."

"आत्मे उलटेच असतात, बाई!" महाराज गडगडले.

"असतील." तिने इंजेक्शनच्या सुईने शिक्का खरवडला. भोक मोकळं झालं. गाडी फेसवाल्याच्या हातात दिली. त्याचा आज उरलेला गाल बाकी होता. "भाऊ, माझ्या घरापर्यंत जा आणि परत या."

तो गेला आणि न थांबता परत आला. मग तिने सलूनमधला ओला साबण मागितला आणि भोक लिंपून टाकलं. "आता पुन्हा जा."

या खेपेला तो गाडी ढकलत आला, घामाघूम. "सिस्टर, तुमच्या वळणावरच पडली हो!"

"महाराज, माझा नवरा आता साबणात आहे का?"

आधी दूधवाला हसला, मग सगळे. महाराज शाप पुटपुटत मठापाशी उभ्या असलेल्या आपल्या मोटरसायकलकडे वळले. गॅरेजवाला आधीच तिथे वाकून बघत होता. "अहो, यांच्याही गाडीला शिक्का आहे की! पण झाकणावर नाही, बाजूला टाकीच्या पत्र्यावर. आणि मठामागे लोकांनी सोडलेल्या गाड्या उभ्या आहेत ना, त्या सगळ्यांचा बरोबर भोकावर!"

महाराजांची गाडी पहिल्या किकला सुरू झाली. ती कुठेही बंद पडली नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या. सिस्टरला विजय वाटला नाही. ती सासूबाईंकडे बघत होती. त्या टाकीला हात लावून उभ्या होत्या.

"साबण काढ," त्या म्हणाल्या. तिने काढला. सासूबाईंनी स्वतः झाकण फिरवलं, कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. आवाज आला नाही.

"मग रोज मी बोलत होते ते कुणाशी गं?"

"कुणाशीच नाही, आई."

"तुला माहीत होतं?"

"नाही. मीही ऐकलं होतं एकदा."

सासूबाई मागे बसल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट. ती जागा दुखली. फार दिवसांनी काहीतरी दुखलं.

गेलेलं माणूस परत यावं असं वाटणं हा गुन्हा नाही. त्या वाटण्यावर मेण लावून दुकान मांडणं हा आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्या यंत्रात, भिंतीत किंवा अंगात आत्मा बसलाय असं सांगितलं, तर हात जोडायच्या आधी कापसाचा एक धागा धरा. हवा आत जाते की बाहेर येते, तेवढं स्वतः बघा.