दोन भोवरे

काळूराम न्हाव्यानं बाळाचं डोकं भिजवलं, जावळ बोटांनी सारखं केलं, आणि त्याचा वस्तरा तसाच थांबला.

“दोन हायेत,” तो पुटपुटला.

“हळू बोला, दादा!” बाळाची आई शकू कळवळली. “भादरून टाका पटकन. पोरीचं वाटोळं होईल.”

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे पनवेलच्या खाडीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुरुषाला असले तर लोक डोळे मिचकावतात. बाईला असले तर तिच्या पहिल्या नवऱ्याची काळजी करत बसतात.

शकूची सासू गुणाबाई उंबऱ्यात उभी होती. तिच्याही डोक्यावर दोन होते. तिचा नवरा विठू मिठाचा मचवा घेऊन निघाला आणि मोरा बंदराच्या बाजूला वादळात बुडाला, तेव्हा मुलगा अंगावर पीत होता. बायका येऊन रडल्या आणि जाताना तिच्या डोक्याकडे बघून गेल्या.

पुढे विठूचा सोबती काशिराम तिच्याशी पाट लावायला तयार झाला. त्यांच्यात पाटाला कुणी नावं ठेवत नसे, आणि तिला तो मनापासून आवडायचा. तरी ती नाही म्हणाली. गावानं तिच्या निष्ठेचे गोडवे गायले. खरं कारण तिनं एकट्या काशिरामला सांगितलं होतं. दुसरं लग्न केलं तर भोवरे खरे ठरतील, आणि विठूला मीच खाल्लं असं होईल.

बाळाला मांडीवर घेऊन बसलेला मामा, दिनानाथ, शाळेत शास्त्र शिकवायचा. तो वैतागला.

“शके, काय वेडेपणा हा! पोटात असतानाच कातडीचे बारीक कण शेजारच्याकडे बघून एका अंगाला कलतात. पेशी म्हणतात त्यांना. म्हणून केस एका दिशेनं जातात. डोकं गोल, तेव्हा कुठेतरी वळसा पडणारच. कुणाला एक, कुणाला दोन.”

“त्यांना कलायला सांगतं कोन?” गुणाबाईनं विचारलं.

“कुणीच नाही, मावशी. शेजारी शेजाऱ्याला. नेमकं कसं, ते मोठमोठ्यांनाही अजून उमगलेलं नाही.”

“मानसांवानीच की.” ती उंबरा ओलांडून आत आली. “मंग आमचे धनी?”

“त्यांना वादळानं नेलं. तुमच्या केसांनी नाही.”

गुणाबाईला एकदम रडू फुटलं. मग डोळे पुसून ती काळूरामपुढे बसली आणि तिनं पदर मागे सारला.

“माजं बग रं.”

काळूरामनं तिचं डोकं उजेडाकडे वळवलं. केस पार विरळ झाले होते. माथ्यावर नुसती कातडी.

“काय नाय दिसत, गुणाबाय. सगलं गेलंय.”

“गेलं,” ती म्हणाली.

अंगणात जावळाची जेवणं चालली होती. तिथून कुणा बाईनं हाक मारली, “अगो गुणे, किती हायेत पोरीला?”

शकूनं सासूचा हात घट्ट धरला. तो सोडवून गुणाबाई दारात गेली. पदर डोक्यावर घ्यायचं तिला सुचलं नाही.

“दोन!” ती मोठ्यानं म्हणाली. “दोन हायेत. आनि त्याचं काय बी नसतं!”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुरुषांच्या पंगतीत म्हातारा काशिराम जेवत होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पानातला भात तो कितीतरी वेळ नुसता कालवत राहिला.