पुलाजवळची पेन्सिलची ओळ

मी शेजारच्या देशाचा नकाशा. त्यातही खेड्यापाड्यांचा. मोठे रस्ते दाखवणारे माझे भाऊबंद पुष्कळ आहेत. माझ्या अंगावर गाडीवाटा, विहिरी, उतार आणि नदीचे घाट. छापताना माझी निळी शाई जरा सरकली, म्हणून माझ्यातल्या सगळ्या नद्या आपल्या काठांपासून केसभर बाजूला वाहतात. त्या खोडीपायी सात वर्षं दुकानात धूळ खात पडलो होतो.

मला उचललं एका कवळीवाल्यानं. दातांच्या कवळ्या करणारा माणूस. घराच्या पुढच्या खोलीत प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, मागच्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन. सव्वीस वर्षांच्या संसारात दोघं कुठं म्हणून गेली नव्हती. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तेव्हा कवळीवाला म्हणाला, "आता मोटारसायकल काढायची आणि सीमेपलीकडच्या गावांतून आठ दिवस हिंडायचं."

"पलीकडं? आणि माझे गुडघे?" बायको म्हणाली. "चाळीस किलोमीटर झाले की बोलायला लागतात ते."

"बोलू देत. बोलीही आपल्यासारखीच आहे तिकडची!"

मग रोज जेवणं झाली की ताटं बाजूला सारून मला पसरत. दर चाळीस किलोमीटरवर त्यानं एक गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'गुडघे'. सावली कुठं, पेट्रोल कुठं, सगळं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. रविवारी बायकोचा धाकटा भाऊ जेवायला यायचा. तो सैन्यात ट्रक चालवायचा. माझ्याकडे बघून म्हणायचा, "दाजी, सहलीला निघालाय की मोहिमेवर?"

मुक्कामासाठी त्यांनी नदीकाठचं एक गाव निवडलं. तिथं एक निवृत्त मास्तरीणबाई प्रवाशांना दोन खोल्या द्यायच्या. कवळीवाल्यानं फोनवर विचारलं, "पूल लाकडी आहे म्हणे. आम्ही दोघं, वर सामान. पेलेल ना?"

बाई खळखळून हसल्या. "अहो, भरलेले ट्रक जातात त्यावरून! आमच्या सुतारानं गेल्याच वर्षी तुळया बदलल्यात. तुमचं वजन ते काय!"

त्यानं पुलाशेजारी लिहिलं, 'भरलेला ट्रक जातो. तुळया नव्या.'

निघायला अठरा दिवस राहिले असताना सीमा बंद झाली. आठवड्यात लढाई जुंपली.

मेहुणा आला तो गणवेशातच. "दाजी, तुमचा तो नकाशा द्या. साहेबांनी मागितलाय. मीच बोललो त्यांच्यापाशी."

"सहलीचा नकाशा तो. त्याचं काय लोणचं घालणार आहेत?"

"आमच्या नकाशात तो पूल म्हणजे नुसती रेघ. पेलतो की नाही, कुणाला ठाऊक नाही. मोठ्या रस्त्यावर सुरुंग पेरलेत." तो थांबला. "पहिली गाडी माझी आहे, दाजी."

कवळीवाल्यानं बायकोकडं पाहिलं. आई गेल्यावर या भावाला तिनंच वाढवलं होतं. ती द्या म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. त्यानं खोडरबर हातात घेतलं. ओळ खोडली तर मेहुणा सुरुंगावर जाणार. नाही खोडली तर... खोडरबर त्यानं खाली ठेवलं.

"खरंच पेलतो ना?" मेहुण्यानं विचारलं.

"पेलतो."

पुलावरून नऊ ट्रक गेले. मी साहेबांच्या मांडीवर होतो. पूल कुरकुरलासुद्धा नाही. दुपारपर्यंत काठावरची घरांची ओळच्या ओळ जळत होती. गावातली सतरा माणसं गेली. माघारी येताना आमच्या लोकांनी पूलही उडवून दिला.

मेहुण्यानं मला आणून टेबलावर ठेवलं. "पूल पेलला," एवढंच म्हणाला.

"आणि त्या बाई?" बहिणीनं विचारलं.

"घर कुणाचं ते विचारत नाही आम्ही, ताई."

तह झाला, सीमा उघडली. कवळीवाला रोज मास्तरीणबाईंचा नंबर लावायचा. एका दुपारी पलीकडून आवाज आला.

"जिवंत आहे हो मी! खोल्या गेल्या, बहिणीकडं राहते. पण काय सांगू, गावातलंच कुणीतरी फितूर झालं. पुलाची ताकद त्यांना कळली कशी? तुळया सुतारानं बदललेल्या, म्हणून लोकांचा त्याच्यावरच संशय. त्याला डांबून ठेवलंय. फार मारलंय. मला नाही पटत, पण दुसरं कोण सांगणार?"

माझा मालक "तब्येतीला जपा" म्हणाला आणि फोन ठेवला.

बायको दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नऊ दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलली. एक कवळी त्यानं तीनदा बिघडवली. दहाव्या दिवशी तिनं फोन उचलून त्याच्या हातात कोंबला. "तुम्ही बोलताय की मी बोलू?"

"तुझा भाऊ..."

"भाऊ माझा आहे. पाप दोघांचं आहे."

त्यानं सांगितलं.

"परवा सुतार गेला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उशीर केलात." आणि मग, "त्याच्या बायकोला लोक नदीवर पाणी भरू देत नाहीत. पोरींना शाळेत घेत नाहीत. तो नकाशा घेऊन या. तुमच्या अक्षरासकट."

तर अशी ती दोघं अखेर मोटारसायकलवरून निघाली. ठरवलेल्याच रस्त्यानं. गोलांपाशी गाडी एकदाही थांबली नाही. बायकोचे गुडघे काय बोलले असतील ते तिलाच माहीत. नदी नावेनं ओलांडली. सुताराच्या अंगणात गाव जमलं होतं. कवळीवाल्यानं मला जमिनीवर पसरलं आणि सगळ्यांसमोर त्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली. अक्षराला अक्षर जुळलं. एक म्हातारा पुढं होऊन त्याच्या तोंडावर थुंकला. त्यानं पुसलं नाही. मास्तरीणबाई बाजूला उभ्या होत्या; त्यांनी दोघांना बसा म्हटलं नाही.

सुताराची बायको म्हणाली, "हा नकाशा इथंच राहू दे. तुम्ही जा."

ती दोघं गेली. त्यांचं पुढं काय झालं, मला कळलं नाही.

तिनं नवऱ्याच्या पेटीतले चार खिळे घेतले आणि मला दाराच्या बाहेरच्या अंगाला ठोकलं. कुणी थबकलं की ती चौकटीतूनच सांगते, "बघा नीट. हे अक्षर माझ्या माणसाचं नाही." काही जण वाचतात. काही मान फिरवून जातात. थोरली पोर परवापासून शाळेत जाते. धाकटी अजून घरीच आहे.

हे दार पश्चिमेला आहे. रोज ऊन लागून पेन्सिल उडत चालली आहे. ज्यांचं वाचायचं राहिलंय, त्यांनी कृपा करून लवकर येऊन वाचून जावं.