तीन वाजताचं दूध

मी बस डेपोत टाइमकीपर आहे. उशिरा सुटलेली बस मी समजून घेतो. टायर असतो, ड्रायव्हरचं पोट असतं, काहीही असू शकतं. वेळेआधी सुटलेल्या बसला मात्र माझ्याकडे माफी नाही. उशीर झाला की माणूस ताटकळतो, शिव्या देतो, पण चढतो तरी. बस लवकर गेली तर वेळेवर आलेला माणूसही थांब्यावरच राहतो. एकोणीस वर्षं मी हे ड्रायव्हरांना सांगतोय आणि ते ढिम्म आहेत.

माझा मुलगा सात आठवडे आधी जन्मला.

तीन आठवडे काचेच्या पेटीत काढून तो घरी आला तेव्हा एक किलो आठशे ऐंशी ग्रॅम भरला. सासूबाईंनी त्याचं नाव पावशेर ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन तासांनी चाळीस मिली दूध, झोपला असेल तर उठवून. अशी बाळं भूक लागली तरी रडत नाहीत, तेवढा जोरच नसतो. ज्या दिवशी स्वतः मागेल, त्या दिवशी निम्मी काळजी मिटली म्हणून समजा. आणि वजन वाढलं नाही तर परत दवाखाना, परत नाकातून नळी. ती नळी बायकोने तीन आठवडे पाहिली होती. आता तिच्यात ती पुन्हा बघण्याची ताकद नव्हती, आणि माझ्यातही नव्हती.

तक्ता मी आखला आणि फ्रिजवर चिकटवला. सहा, नऊ, बारा, तीन, आणि पुन्हा तेच. पुढे रकाने: किती प्यायला, शी, शू, शेरा. बायको दूध काढून ठेवायची, सासूबाई वाटी-चमचा उकळायच्या आणि उठवण्याचं खातं माझ्याकडे होतं. दोन किलोंच्या आतला माणूस इतका ढाराढूर झोपू शकतो हे मला माहीत नव्हतं. तळपायाला गुदगुल्या करायच्या, लंगोट सोडायचा, ओल्या फडक्याने कान पुसायचे. मग साहेब एक डोळा उघडणार. पिण्यात पाऊण तास, ढेकर काढण्यात पाव तास, की पुढच्या वेळेची तयारी.

सहाव्या दिवशी दुपारी बायको जरा लवंडली होती आणि पावशेर माझ्याकडे होता. सव्वादोनला तो मूठ चोखायला लागला, मान वळवून माझ्या शर्टाचं बटण शोधायला लागला, मग चक्क रडला. मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास बाकी होता. खांद्यावर घेऊन थोपटलं, बसमार्गांचे नंबर म्हणून दाखवले. दहा मिनिटांत झोपला. तीन वाजता मात्र काही केल्या उठेना, जेमतेम बारा मिली प्यायला. मी शेरा लिहिला, 'सुस्त'.

पुढचे दोन दिवस हेच चाललं. थोपटण्यात माझा हात चांगला बसला आणि ते मी सासूबाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "जावईबापू, बाळ आहे ते, बस नाही." त्यांची स्वतःची बस नेहमी चुकते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सोमवारी दवाखान्यातल्या सिस्टर काटा घेऊन घरी आल्या. एक किलो आठशे साठ. बायको भिंतीकडे बघत राहिली. सिस्टरनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. माझा तक्ता इतक्या मन लावून आजवर कोणी वाचला नव्हता, त्यामुळे मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मधे कधी स्वतःहून रडतो का?"

"रडतो ना," मी म्हणालो. "दिवसातून तीन-चारदा. पण मी वेळेआधी देत नाही. थोपटून झोपवतो."

गॅसवर उकळत्या पाण्यात चमचा वाजत होता.

सिस्टर शांतपणे बोलल्या. रडण्यात त्याचा होता नव्हता तेवढा जोर जातो, मग तीन वाजता प्यायला उरत नाही. तीन तास म्हणजे त्यापेक्षा उशीर नको, लवकर चालतं. गुरुवारी पुन्हा वजन करू, वाढलं नाही तर नळी. त्या गेल्यावर बायकोने पावशेरला उचलून स्वतःजवळ घेतलं. ती भांडली असती तर सोपं गेलं असतं. ज्या मागण्याची आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतो, ते त्याने केलं होतं आणि मी थोपटून परत पाठवलं होतं. वेळेवर आला होता तो. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मंगळवारी सकाळी दहा पंचवीसला पावशेर कुरकुरला. बाराला बराच वेळ होता. मी बायकोच्या खांद्याला हात लावला.

"उठ," मी म्हणालो. "मागतोय."

तो चाळीस मिली प्यायला आणि वाटीची कड शोधत राहिला. सासूबाईंनी आणखी दहा दिलं, तेही गेलं. मी शेऱ्यात 'वेळेआधी' लिहिलं. डेपोत हा शब्द मी लाल पेनाने लिहितो. इथे निळ्याने लिहिला.

गुरुवारी सिस्टरनी त्याला काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे चाळीस. त्यांनी दोनदा बघितलं, बायकोने तीनदा. आकडा कागदावर चढतोय तोवर काट्यावरच तो रडायला लागला आणि तिघींनी माझ्याकडे पाहिलं. किती वाजले होते मला माहीत नाही. मी वाटी आणायला गेलो होतो.