व्हर्लीनबाईंचं छत

या, जरा जवळ सरकून बसा. अमेरिकेतल्या टोलेडोच्या व्हर्लीन टॉलिव्हरची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा पाठ ताठ झालेली असेल.

व्हर्लीनबाई एकाहत्तर वर्षांच्या, एकट्या. बैठकीच्या छताला लाह्या चिकटवल्यासारखा जुना खरबरीत थर होता; त्याचे पोपडे आता कॉफीत पडायचे. मुलगा कॉर्टेझ म्हणाला, "आई, हे घर तुला झेपत नाही. विकू या. वृद्धांच्या इमारतीत छान खोली मिळेल."

"आणि छताचा हा थर मी उतरवला तर?"

"तू?" तो हसला. "शनिवारपर्यंत उतरव, मग विकायचं नावही काढणार नाही."

थरात फुप्फुसाला घातक अॅस्बेस्टॉस नाही, असा अहवाल बाईंनी आधीच आणून ठेवला होता. खाली प्लास्टिक अंथरलं, डोक्याला टोपी चढवली, शेजारणीला, लर्लीनला, शिडी धरायला लावलं आणि थर मऊ पडावा म्हणून पंपानं पाणी फवारलं. पाणी मुरेचना! सगळं ओघळून तोंडावर.

"अगं, छत कोरडंच, तूच भिजलीस!" लर्लीन खालून ओरडली.

तेव्हा बाईंना उमगलं. नवरा रूफस दर ईस्टरला छताला तेलरंग द्यायचा. "मेला तरी आडवा येतो बाई हा माणूस!"

"सोड आता."

"सोडू? प्रभूनं क्रूस अर्ध्या वाटेत ठेवला नाही, मी ही खरवडायची पत्री ठेवू?"

आधी कोरडंच खरवडून रंगाचं कातडं फोडलं. मग पाणी, मग पाव तास थांबणं. थांबताना बाईंनी पाद्रीबाबांचं प्रवचन म्हणायला घेतलं. चर्चमध्ये बोलता बोलता त्यांना गाण्याचा सूर लागतो ना, तसंच. खरवडतानाही तेच चालू: एक ओळ, पत्रीची एक ओढ. लर्लीन खालून "हो प्रभू!" म्हणायची आणि वरून लगदा धप्पकन पडायचा.

शनिवारी दुपारी कॉर्टेझ आला. अजून कोपरा बाकी. "आई, उतर खाली! राहिलेलं मी करतो."

"हात लावशील तर खबरदार! मग म्हणशील, मीच केलं. लर्लीनचे पाय भरून आलेत. शिडी धर."

त्यानं धरली. बाईंनी पुढची ओळ उचलली. तिसऱ्या ओढीला, लहानपणी चर्चमध्ये निसटायचं तसं, त्याच्या तोंडून निसटलंच, "हो प्रभू!"

कोपरा सुटला. कॉर्टेझनं केसांतला लगदा झटकला. "खाचा पडल्यात, आई."

"पडू देत. मी राहणार आहे ना इथं? बुजवीन सावकाश."

घर विकायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. बाईंचा उजवा खांदा मात्र अजून वर होत नाही. तेव्हा मंडळी, रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा व्हर्लीन टॉलिव्हरची आठवण ठेवा.