पाचवं शील

कामोठ्याच्या विहारात पोपट वंदना घ्यायला उभा राहिला आणि मेणबत्ती पेटवता पेटवता डावीकडे कलंडला. टेबल हाताशी लागलं म्हणून पडला नाही, एवढंच. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काय राव, सकाळी सकाळीच!"

आता हा माणूस कोण, तर आख्ख्या कामोठ्यातली लग्नं लावणारा बौद्धाचार्य. जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाही. पण उन्हाळ्यापासून पायाखालची जमीन सरकायची, कानात गुणगुण चालायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो आणि एचआयव्हीनं त्यालाच धक्का दिलाय. गोळ्या चालू आहेत, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, पण तोल पूर्वीसारखा येईलच असं नाही.

हे ठाऊक फक्त त्याला आणि बायकोला, वेणूबाईला. पोरीला, अक्षतालासुद्धा पत्ता नाही. आणि अक्षताचं लग्न ठरलेलं, विहार कमिटीच्या जयप्रकाशभाऊंच्या रोहनशी.

वंदना उरकली तसं भाऊंनी नवराबायकोला बाजूला घेतलं.

"पोपटदादा, खरं काय ते बोला. आजार-बिजार असेल तर लपवू नका. आमच्या घरात मुलगी येणारे तुमची. माझा भाचा डॉक्टर आहे, उद्याच सगळ्या टेस्ट करून टाकू."

वेणूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पोपट फरशीकडे बघत म्हणाला, "आजार नाय भाऊ. घेतो थोडी."

"हात्तिच्या! एवढंच ना?" भाऊंचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं, काय भलतंच निघतंय. आमचे वडील पण प्यायचे हो, सुटते. फक्त लग्न तुमी लावू नका. लोक हसतील. आचार्य मी दुसरा बघतो."

पोपटला काहीच वाटलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला राहत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. पोरीचं लग्न आपण लावायचं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून त्याच्या मनात होतं. ते गेलं. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही.

घरी अक्षता एवढंच म्हणाली, "पप्पा, तुमी पण?" मग बोलणंच टाकलं तिनं.

लग्नाला हॉल गच्च भरला. पोपट पुढच्या खुर्चीत बसला होता, वेणूबाईनं त्याचं कोपर घट्ट धरलेलं. नव्या आचार्यांनी पंचशील सुरू केलं, सगळ्यांनी हात जोडले. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. पोपटचे ओठ हललेच नाहीत. कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

मग पाचवं आलं, दारूचं. ते मात्र त्यानं खणखणीत म्हटलं.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. स्टेजवर अक्षतानं मान खाली घातली.