एका पानाची काटकसर

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. हसू नका! एके काळी माझ्या पोटात पन्नास पानं होती आणि प्रत्येक पानावर नुसते अंक. ना अर्थ, ना क्रम. माझी सारी किंमत त्या अर्थ नसण्यातच होती.

माझा हुबेहूब जुळा भाऊ समुद्रापलीकडे होता. मी होतो नॉर्वेच्या किनाऱ्यावर, आणि तिथे तेव्हा, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन सैन्याचा पहारा. माझी मालकीण सिग्नी मासेमारीच्या जाळ्यांच्या माळ्यावर लपून बसून निरोपाची अक्षरं अंकांत मांडायची, त्यांत माझे अंक मिळवायची आणि बेरीज बिनतारी यंत्रावरून पाठवायची. पलीकडे माझा भाऊ तेच अंक वजा करून निरोप उघडायचा. म्हणजे मी किल्ली! बेरजेची पाटी पुसायची, वापरलेलं पान दोन्हीकडे जाळायचं, हा नियम.

जाळायचं काम सिग्नीच्या सासूबाईंकडे, योरुनबाईंकडे होतं. बाई मोठी काटकसरी. वाळल्या माशाची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवायची. एकदा हवामानाचा निरोप चारच ओळींत आटोपला. उरलेलं पान चुलीत घालायला तिचा हात धजेना. तिने ते गुपचूप माझ्यात परत खोचलं, सगळ्यात वर.

दुसऱ्या दिवशी सिग्नीने घाईत तेच पान पहिल्या ओळीपासून वापरलं. निरोप होता तिच्या नवऱ्यासाठी, अस्लाकसाठी. समुद्रापलीकडून औषधं घेऊन येताना त्याने कोणत्या खाडीत होडी लावायची, तो. पलीकडून ठरलेली खूण आली, ‘वाचता येत नाही.’ येणार कसं? भावाने ते पान कालच जाळलं होतं.

“आई, काल पान जाळलंत ना?”

योरुनबाईंनी मान खाली घातली. “अगं, जवळजवळ अख्खं पान शिल्लक होतं. जीव होईना. आता तोच निरोप नव्या पानावर पाठव की!”

“अहो, तीच खाडी कशी सांगू? एकाच पानाचे दोन निरोप वैऱ्याने ऐकलेत. एकातून दुसरा वजा केला की आपली किल्लीच उडून जाते. पहिला हवामानाचा, एवढं ताडलं की दुसरा उलगडलाच!”

म्हातारीने ते दोनदा वापरलेलं पान ओढून चुलीत टाकलं. अस्लाक तिचा एकुलता एक मुलगा.

माझ्यात एकच पान उरलं होतं. सिग्नीने त्यावर उत्तरेकडची दुसरी खाडी कळवली. या वेळी ती खूण आली नाही, पण धीर कुणाला होता? हाच निरोप जसाच्या तसा पुन्हा धाडावा लागला तर, म्हणून तिने ते पान अस्लाक येईपर्यंत राखून ठेवलं. दोन दिवसांनी जर्मन होड्या पहिल्या खाडीत दिवसभर दबा धरून बसल्या. अस्लाक उत्तरेकडून चालत घरी आला, पाठीवर औषधांची पेटी.

मित्रांनो, मला कुणी फोडलं नव्हतं. घरातल्याच मायेच्या हाताने मला उघडं पाडलं. तुमचे पासवर्डही असेच असतात बरं! एकच चार ठिकाणी लावू नका, वापरलेला पुन्हा काढू नका.

मुलगा समोर जेवत असताना योरुनबाईंनी ते शेवटचं पान स्वतः चुलीत धरलं. बोटं भाजली, तरी पुरती राख होईपर्यंत सोडलं नाही.